आत नेण्याआधी

बर्नार्ड काराबेलो तीन वर्षांचा होता तेव्हा डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मुलगा मतिमंद आहे असं घरच्यांना सांगितलं. खरं तर त्याला सेरेब्रल पाल्सी होती. हातापायांवर ताबा नव्हता, तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते, पण बुद्धी शाबूत होती. ते कुणी पडताळून पाहिलं नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या विलोब्रुक स्टेट स्कूल या सरकारी संस्थेत त्याची रवानगी झाली आणि तिथे त्याची १८ वर्षं गेली. सुमारे ४ हजार जणांसाठी बांधलेल्या त्या संस्थेत १९६०च्या दशकात ६ हजारांहून अधिक माणसं कोंबलेली होती. त्या काळात अमेरिकेतले डॉक्टर अशा आईबापांना सर्रास एकच सल्ला देत: याला संस्थेत ठेवा, विसरून जा आणि दुसऱ्या मुलाचं बघा.

माणसाला तपासून त्याच्याबद्दल काहीतरी ठरवायचं, हे काम दिसायला किती साधं! पण अमेरिकेत विसाव्या शतकात लाखो आयुष्यांचा निकाल याच कामाने लावला. आधी याच तपासणीने माणसांना आत ढकललं. पुढे त्याच देशाने कायदा करून तीच तपासणी शुश्रूषागृहांच्या दारात उभी केली, कारण नसताना कुणी आत जाऊ नये म्हणून. हा बदल कसा घडला आणि तो अर्ध्यावर का अडकला, ते मुळापासून पाहायला हवं.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली, तीही चांगल्या हेतूने. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कुठे आणि किती मदत लागेल हे कळावं म्हणून अल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये सहकाऱ्यासोबत एक चाचणी तयार केली. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत संशोधन करणाऱ्या हेन्री गोडार्डने ती १९०८ मध्ये अमेरिकेत आणली. तिथे गेल्यावर चाचणीचा हेतूच पालटला. मदत कुठे लागेल हा प्रश्न मागे पडला आणि समाजातून कुणाला वेगळं काढायचं हा प्रश्न पुढे आला. कॅरी बक या तरुणीला व्हर्जिनियातल्या संस्थेत टाकलं ते अशाच शिक्क्याच्या आधारावर. तिच्यावर बलात्कार झाला होता, त्यातून ती गरोदर राहिली होती आणि ते मूलच तिच्या 'मंदबुद्धी'चा पुरावा ठरलं. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. आई, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या मंदबुद्धी असल्याचं तेव्हा गृहीत धरलं गेलं. त्यातली नात, व्हिव्हियन, पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. आठ वर्षांची असताना ती आजाराने वारली. तिच्याविषयीचा 'पुरावा' नोंदला गेला तेव्हा ती काही महिन्यांची होती. इतक्या लहान बाळाची बुद्धी मोजून एका बाईच्या शरीरावर शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार एका राज्याला मिळाला. हे वाचताना आजही हात थरथरतात.

पुढची चाळीस वर्षं अशा संस्था फुगत गेल्या. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या मोठ्या सरकारी संस्थांमध्ये १९६७ साली १ लाख ९४ हजार ६५० माणसं होती. हा उच्चांक. यातल्या अनेकांची तपासणी आयुष्यात एकदाच झाली होती, आत घेताना. बाहेर पडता येईल का, हे पाहण्यासाठी पुन्हा तपासायची सक्ती नव्हती.

भिंतींआडचं चित्र जगापुढे आलं ते तुकड्यातुकड्यांनी. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी विलोब्रुक पाहून आले आणि त्यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बर्टन ब्लॅट हे प्राध्यापक आणि फ्रेड कॅप्लन हे छायाचित्रकार पूर्वेकडच्या काही संस्थांमध्ये गेले. कॅप्लन यांच्या पट्ट्यापाशी छोटा कॅमेरा लपवलेला होता. ती छायाचित्रं १९६६ मध्ये 'ख्रिसमस इन पर्गेटरी' या नावाने पुस्तकरूपात आली. उघड्या फरश्यांवर नागडी बसलेली माणसं, ओळीने लावलेले पलंग, मधे कुठे काही नाही. तरीही विलोब्रुकमध्ये फारसं बदललं नाही. १९७२च्या जानेवारीत मायकेल विल्किन्स या तरुण डॉक्टरला संस्थेने काढून टाकलं, कारण तो मुलांच्या पालकांना एकत्र आणत होता. एका इमारतीची किल्ली मात्र त्याच्याकडे राहून गेली होती. तिच्या जोरावर त्याने गेराल्डो रिव्हेरा या दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला कॅमेऱ्यासह आत नेलं. त्या वृत्तांकनात बर्नार्ड काराबेलो बोलला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. अडखळत, शब्दांशी झगडत, पण सुसंगतपणे त्याने तिथल्या जगण्याबद्दल सांगितलं. १८ वर्षांपूर्वीची तपासणी खोटी ठरवायला ही काही मिनिटांची मुलाखत पुरेशी होती. पुढे त्याने अपंगांच्या हक्कांसाठी आयुष्यभर काम केलं.

खटले उभे राहिले. विलोब्रुकच्या पालकांनी १९७२ मध्ये दावा लावला आणि १९७५ मध्ये राज्य तडजोडीला तयार झालं. पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्ट या संस्थेविरुद्ध १९७४ मध्ये दावा दाखल झाला. न्यायाधीश रेमंड ब्रॉडरिक यांनी १९७७ मध्ये ही संस्था मुळातच माणसांना ठेवायला अयोग्य असल्याचा निकाल दिला. पेनहर्स्टमधून वस्तीतल्या छोट्या घरांत गेलेल्यांचा जेम्स कॉनरॉय आणि व्हॅलेरी ब्रॅडली यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यांचा १९८५चा अहवाल मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आशादायक दस्तऐवज वाटतो. बाहेर गेलेली माणसं नवी कौशल्यं शिकली, सर्वांत तीव्र अपंगत्व असलेलीही शिकली. मुलाला हलवायला कडाडून विरोध करणाऱ्या अनेक कुटुंबांचं मत नंतर पालटलं. या माणसांना शिकता येत नाही, असं शतकभर सांगितलं गेलं होतं. त्यांना शिकायला जागाच दिली नव्हती, हे या अहवालाने दाखवून दिलं.

पण संस्थेतून निघालेला प्रत्येक जण वस्तीतल्या घरात पोचला नाही. हजारो माणसं एका दारातून बाहेर पडली आणि थेट दुसऱ्या दारातून आत गेली. ते दार होतं वृद्ध आणि दीर्घकाळच्या रुग्णांसाठी चालणाऱ्या शुश्रूषागृहांचं.

याचं कारण पैशाच्या वाटेत सापडतं. ३० जुलै १९६५ रोजी मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स या गावी माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या साक्षीने लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड यांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेडखाली गरिबांच्या उपचारांचा किमान निम्मा खर्च केंद्र सरकार राज्यांना देऊ लागलं. शुश्रूषागृहातला मुक्काम त्यात होता. मनोरुग्णालयातल्या ६५ वर्षांखालच्या प्रौढांचा खर्च मात्र कायद्यातूनच वगळला होता, आणि बौद्धिक अपंगांच्या सरकारी संस्थांनाही १९७१ पर्यंत केंद्राचा पैसा मिळत नव्हता. म्हणजे तोच माणूस सरकारी संस्थेत राहिला तर सगळा खर्च राज्याचा आणि शुश्रूषागृहात गेला तर निम्मा किंवा त्याहून अधिक केंद्राचा. राज्याच्या अर्थखात्यातल्या कारकुनाला हे गणित समजायला वेळ लागला नाही. १९७१ नंतर सरकारी संस्थांनाही केंद्राचा पैसा मिळू लागला, पण त्यासोबत एक अट आली: राहणाऱ्या प्रत्येकाला सतत, आखीव शिक्षण आणि प्रशिक्षण द्यायचं. त्यासाठी माणसं लागतात, जागा लागते. शुश्रूषागृहांवर तशी अट नव्हती. १९७७ पर्यंत देशभरातल्या शुश्रूषागृहांत बौद्धिक अपंगत्व हे मुख्य निदान असलेली ४० हजारांहून अधिक माणसं होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने अहवाल दिला: संस्थांतून बाहेर काढलेल्यांना अनेक ठिकाणी अयोग्य जागी ठेवलं जातंय आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणीच जबाबदार नाही.

शुश्रूषागृहात त्यांचं काय होत असे, ते इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथली हानी विलोब्रुकसारखी छायाचित्रात पकडता येत नाही. चादरी स्वच्छ असतात, जेवण वेळेवर येतं, परिचारिका बऱ्याचदा मायाळू असतात. तिशीतला माणूस ऐंशीच्या घरातल्यांच्या रांगेत खुर्चीवर बसतो. समोर टीव्ही चालू असतो. पूर्वी त्याला स्वतःच्या हाताने खाता येत असे, पण त्याला अर्धा तास लागतो आणि परिचारिकेकडे दहा माणसं असतात. म्हणून ती भरवते. काही महिन्यांत हात चमचा विसरतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्याच्या शरीराला त्याच्या मापाची, आधार देणारी खुर्ची लागते. ती नसली की पाठीचा कणा वाकत जातो, स्नायू आखडतात, छाती दबते, घास नीट उतरत नाही आणि तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मग नळीने अन्न देणं सुरू होतं. न बोलणाऱ्याला चित्रांच्या पाटीने किंवा यंत्राने बोलतं करणारं कुणी तिथे नसतं, म्हणून तो बोलू शकतो हेच कुणाला कळत नाही. यातलं काहीही क्रूरपणे घडत नाही. शुश्रूषागृह उतारवयासाठी उभारलेलं असतं. तिथे माणूस आहे त्या स्थितीत सांभाळायचा असतो. ज्याला अजून शिकायचंय, त्याच्यासाठी ते घडवलेलंच नाही.

योगायोग असा की याच काळात शुश्रूषागृहांवर दुसऱ्या बाजूनेही टीका चालू होती. वृद्धांना पलंगाला बांधून ठेवणं, गुंगीच्या गोळ्या देणं, अंगाला चिघळलेल्या जखमा, हे सगळं गाजत होतं. एल्मा होल्डर या कार्यकर्तीने १९७५ मध्ये देशभरातल्या नागरिक-गटांना एकत्र आणलं होतं. रेगन सरकारने १९८२ मध्ये नियम सैल करायचा घाट घातला तेव्हा इतका विरोध झाला, की अखेर प्रश्न इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीकडे गेला. समितीचे अध्यक्ष होते डॉ. सिडनी कॅट्झ. आंघोळ, कपडे, शौच, हालचाल, जेवण या रोजच्या क्रियांवरून माणसाला किती मदत लागते ते ठरवण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत त्यांचीच. समितीचा अहवाल १९८६ मध्ये आला आणि २२ डिसेंबर १९८७ रोजी रेगन यांनी सही केलेल्या अर्थसंकल्पीय कायद्यात शुश्रूषागृहांच्या सुधारणेची कलमं आली. विलोब्रुक आणि पेनहर्स्ट या दोन्ही संस्था त्याच वर्षी कायमच्या बंद झाल्या.

त्या कलमांत एक तरतूद होती, तिचं नाव प्री-अ‍ॅडमिशन स्क्रीनिंग अँड अ‍ॅन्युअल रेसिडेंट रिव्ह्यू, म्हणजे प्रवेशाआधीची छाननी आणि राहणाऱ्यांचा वार्षिक आढावा. मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शुश्रूषागृहाने १ जानेवारी १९८९ पासून गंभीर मानसिक आजार किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला या छाननीशिवाय आत घ्यायचं नाही. त्या माणसाचा खर्च मेडिकेड देतं की तो स्वतः देतो, याने फरक पडत नाही. संसदेचा हेतू दुहेरी होता आणि ते मान्य करायला हवं. माणसं चुकीच्या जागी अडकू नयेत, हा एक. राज्यांनी आपली जबाबदारी केंद्राच्या तिजोरीवर ढकलू नये, हा दुसरा. पैशाच्या गणितातून सुरू झालेली चूक निस्तरायला पैशाचीच काळजी कामी आली, याचं मला वाईट वाटत नाही.

ही छाननी दोन पायऱ्यांची. पहिली पायरी सगळ्यांसाठी: येणाऱ्या प्रत्येकाबाबत विचारायचं, या माणसाला मानसिक आजार किंवा विकासात्मक अपंगत्व असण्याची शक्यता आहे का? यात बौद्धिक अपंगत्वाशी नातं असलेल्या स्थितीही येतात. सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, स्वमग्नता यांसारखी स्थिती २२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी, कायमची असावी आणि स्वतःची काळजी, भाषा, शिकणं, हालचाल, स्वतःचे निर्णय, स्वतंत्र राहणं या सहापैकी किमान तीन बाबतींत मोठी अडचण आणणारी असावी. काराबेलोसारख्याचं जे निदान चुकलं, त्याची आठवण या व्याख्येत दिसते: बुद्ध्यांकाचा आकडा एवढाच निकष आता उरला नाही.

शक्यता दिसली की दुसरी पायरी. ही खरी तपासणी. समजा, डाऊन सिंड्रोम असलेली ५२ वर्षांची बाई आयुष्यभर आईजवळ राहिली आहे. आई ८० पार. एके दिवशी आई पडते, मांडीचं हाड मोडतं, आणि लेकीला सांभाळणारं घरात कुणी उरत नाही. 'आमच्यामागे हिचं कोण?' हा प्रश्न पुण्या-सोलापुरातल्या आईबापांना जितका ठाऊक आहे तितकाच ओहायोतल्या आईबापांनाही. अशा वेळी शेजारच्या शुश्रूषागृहात पलंग रिकामा असतो आणि सगळ्यांना तो सुटकेसारखा वाटतो. कायदा सांगतो: थांबा, आधी पाहा. तिचे आजार आणि औषधं कोणती. ती स्वतः काय करू शकते: आंघोळ, जेवण, कपडे. चालणं, हातांची हालचाल, नजर, ऐकणं कसं आहे. बोलते कशी, समजते किती. माणसांत कशी वागते, वाचायला-मोजायला किती येतं, काही काम करते का, भावना कशा व्यक्त करते, त्रासदायक वागणं काही आहे का. बौद्धिक पातळी ठरवायला मानसशास्त्रज्ञ लागतो. तपासणी तिच्या भाषेत, तिच्या संस्कृतीला धरून, ती ज्या पद्धतीने बोलते त्या पद्धतीने व्हायला हवी. तिचा स्वतःचा सहभाग हवा, आणि निष्कर्ष तिला समजावून सांगायला हवेत.

शेवटी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तिला खरोखर शुश्रूषागृहातल्या सेवेची गरज आहे का? आणि तिच्या अपंगत्वासाठी शुश्रूषागृह देतं त्यापलीकडच्या खास सेवांची गरज आहे का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर तिला आत घेता येत नाही, राज्याने दुसरी सोय बघावी. दोन्हींची उत्तरं होय असतील तर आत घेता येतं, पण खास सेवा तिथेही पुरवण्याची जबाबदारी राज्याची. निर्णय राज्याचं अपंगत्व खातं घेतं. प्रकरण आल्यापासून सरासरी सात ते नऊ कामाच्या दिवसांत तो यायला हवा, आणि न पटल्यास अपील करता येतं.

या सगळ्यात एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्या पायरीची तपासणी शुश्रूषागृहाने करायची नाही, त्याच्याशी हितसंबंध असलेल्या कुणीही करायची नाही. ज्याचा पलंग भरायचा आहे त्याने माणसाची गरज ठरवू नये, एवढी साधी गोष्ट. व्हर्जिनियाच्या संस्थेने कॅरी बकबद्दल मत दिलं तेव्हा तेच मत न्यायालयात पुरावा झालं होतं. साठ वर्षांनी कायद्याने ही वाट बंद केली.

सविस्तर नियम ३० नोव्हेंबर १९९२ रोजी प्रसिद्ध झाले. तोवर आधीपासून आत असलेल्यांचंही काय करायचं, हा प्रश्न होताच. शुश्रूषागृहातल्या सेवेची गरज नाही पण खास सेवांची आहे, असं तपासणीत निघालेल्यांपैकी ज्यांना तिथे ३० महिने किंवा अधिक झाले होते, त्यांना राहायचं की जायचं हे निवडण्याचा हक्क मिळाला. इतकी वर्षं एका जागी काढलेल्याला जबरदस्तीने उचलू नये, ही भावना त्यामागे होती, आणि ती बरोबरच आहे. पण बाहेर घरच नसेल तर या निवडीला अर्थ काय? राज्यांनी पर्यायी सोयीचे आराखडे केंद्राकडे पाठवले आणि मुदती मागितल्या.

नियमांत छिद्रंही राहिली. रुग्णालयातून थेट येणाऱ्याला ३० दिवसांपेक्षा कमी राहावं लागेल, असं डॉक्टरने लिहून दिलं तर आधीची छाननी माफ. मुक्काम लांबला तर प्रवेशापासून ४० दिवसांत तपासणी व्हायला हवी. मोडलेलं हाड जुळेपर्यंत कुणाला ठेवायचं तर ही सवलत हवीच. पण रुग्णालयाला पलंग मोकळा करायची घाई असते, ३० दिवसांचा कागद लवकर तयार होतो आणि एकदा आत गेलेल्या माणसाचं घर, जागा, मदतनीस महिन्याभरात मोडून पडतात. शेवटच्या टप्प्यातला आजार, कोमा, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, तातडीचा आसरा अशा काही वर्गांसाठीही संक्षिप्त निर्णयाची मुभा दिली गेली. १९९६ मध्ये संसदेने वार्षिक आढाव्याची सक्तीच काढली. आता प्रकृतीत लक्षणीय बदल झाला तरच पुन्हा तपासायचं. नावातला 'वार्षिक' गळला आणि उरलं ते पीएएसआरआर हे आजचं नाव. प्रकृती बिघडली की बदल सहज दिसतो. माणूस सुधारलाय, आता बाहेर राहू शकेल, हा बदल रोजच्या धबडग्यात कुणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून ही सक्ती काढणं मला चूक वाटतं.

सर्वांत खोल अडचण मात्र छाननीच्या बाहेर आहे. मेडिकेडमध्ये शुश्रूषागृह हा हक्क आहे: पात्र असाल तर राज्याने पैसे द्यायलाच हवेत. घरी राहून मिळणाऱ्या सेवा १९८१ पासून खास परवानगीच्या योजनांतून मिळतात, आणि त्यांतल्या जागा राज्य ठरवेल तितक्याच. त्यामुळे शुश्रूषागृहाचं दार लगेच उघडतं आणि घरच्या सेवेसाठी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागतं. तपासणारा प्रामाणिकपणे लिहील की हिला शुश्रूषागृहाची गरज नाही. मग आज रात्री ती कुठे झोपणार? याचं उत्तर फॉर्ममध्ये नसतं.

हा पेच सर्वोच्च न्यायालयापुढे ठळकपणे आला तो जॉर्जियातून. लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींना बौद्धिक अपंगत्वासोबत मानसिक आजार होता. त्या शुश्रूषागृहात नव्हत्या, अटलांटातल्या सरकारी रुग्णालयात होत्या. त्यांना वस्तीत राहता येईल असं त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनीच ठरवलं होतं. तरी त्या आतच राहिल्या. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ओल्मस्टेड' खटल्याचा निकाल दिला आणि न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी तो लिहिला. कारण नसताना माणसाला संस्थेत वेगळं ठेवणं हा अपंगांच्या समान हक्कांच्या कायद्याखाली भेदभाव आहे. राज्याच्या तज्ज्ञांनी वस्तीत राहणं योग्य ठरवलं असेल, त्या माणसाचा विरोध नसेल आणि राज्याला ते वाजवीपणे जमण्यासारखं असेल, तर त्याला बाहेर आणलंच पाहिजे. म्हणजे तपासणीचा निष्कर्ष आता हक्काचा पाया झाला. लोइस कर्टिस बाहेर आल्या, चित्रकार झाल्या आणि २०११ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये जाऊन त्यांनी आपलं चित्र अध्यक्ष ओबामांना दिलं. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं.

शुश्रूषागृहांतल्या माणसांचा खटला मॅसॅच्युसेट्समध्ये १९९८ मध्ये उभा राहिला. हजाराहून अधिक विकासात्मक अपंग माणसं तिथल्या शुश्रूषागृहांत होती आणि अनेकांना तपासणीने ठरवलेल्या खास सेवा मिळतच नव्हत्या. 'रोलंड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यात तडजोड झाली, पण राज्याने ती नीट पाळली नाही. २००३ मध्ये अपील न्यायालयाने एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट केला: १९८७च्या या तरतुदींनी माणसांना हक्क दिलेत आणि ते मिळाले नाहीत तर त्यांना न्यायालयात जाता येतं. २००८च्या नव्या करारात आणखी ६४० जणांना वस्तीत घर देण्याचं राज्याने कबूल केलं. छाननी लागू होऊन तेव्हा जवळपास वीस वर्षं झाली होती.

ऑक्टोबर २०१० पासून शुश्रूषागृहांच्या ठरावीक नोंदपत्रात एक बदल झाला, तो लहान असला तरी मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. तिथे राहणाऱ्याला थेट विचारायचं: बाहेर, वस्तीत परत राहण्याच्या शक्यतेबद्दल कुणाशी बोलायला आवडेल का? उत्तर होय असेल तर ठरलेल्या संस्थेला कळवणं भाग. शतकभर या माणसांबद्दल इतरांनाच विचारलं जात होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या संघीय न्यायालयात 'स्ट्युअर्ड' खटला दाखल झाला. शुश्रूषागृहांत राहणाऱ्या हजारो विकासात्मक अपंगांच्या वतीने तो होता. दारातली छाननी नीट होत नाही, पुढच्या तपासण्या वरवरच्या होतात, खास सेवा मिळत नाहीत आणि बाहेर राहण्याचा पर्याय माणसाला कळेल अशा रीतीने कुणी समोर ठेवत नाही, असे आरोप होते. टेक्सासमध्ये घरच्या सेवांच्या याद्या देशातल्या सर्वांत लांब याद्यांपैकी आहेत. तिथे दशकभराहून अधिक वाट पाहणारी कुटुंबं आहेत. सुनावणी २०१८च्या शरद ऋतूत अनेक आठवडे चालली. न्यायाधीश ऑर्लँडो गार्सिया यांनी १७ जून २०२५ रोजी निकाल दिला: राज्याने १९८७चा कायदाही मोडला आणि अपंगांच्या समान हक्कांचा कायदाही. दावा दाखल झाला तेव्हा वादींपैकी जो पस्तिशीचा होता, तो निकालाच्या दिवशी पन्नाशीत पोचला होता. खास सेवा, मापाची खुर्ची, बोलायला मदत करणारी पाटी आणि वस्तीतलं घर, या सगळ्यासाठी राज्याने काय करायचं ते त्यानंतर ठरायचं होतं.